नकाशाबरहुकूम गाव

एका गावात एक भोळा नकाशेवाला होता. गावाचं नाव कुसळवाडी, त्याचं नाव गेनबा. सांगाल ते करायचा. अगदी सांगाल तेच करायचा, आणि सगळा घोटाळा तिथंच होता.

तो नकाशेवाला झाला कसा, तर जिल्ह्याहून पत्र आलं. प्रत्येक गावानं आपला पाण्याचा नकाशा कॉम्प्युटरवर काढावा. ज्या वस्तीत नळ नाही ती नकाशात गडद दिसावी. सगळ्यात गडद वस्तीला नळयोजना मिळेल. नकाशे शिकायचा वर्ग तालुक्याला, एक माणूस पाठवा. ग्रामपंचायतीत पत्र वाचून झालं आणि सगळे एकेक पाऊल मागं सरले. गेनबाला मागं सर असं कुणी सांगितलं नव्हतं. तो होता तिथंच राहिला. त्याचं नाव लागलं.

गेनबा राहायचा टेकवस्तीवर, पारूआत्याकडं. टेकवस्तीत घरं सात, नळ एकही नाही. बायका दीड मैलावरच्या आडावरून डोक्यावर पाणी आणायच्या. टेकडीच्या पायथ्याशीच सरपंच अंकुशरावांचा मळा होता. तिथं विहीर तुडुंब, बंगल्याला सहा नळ, आणि सातवा नळ नुसता गाडी धुवायला. मळ्याला तारेचं कुंपण. कुंपणावर पाटी, ‘खाजगी विहीर’.

वर्गाला निघताना आत्या म्हणाली, “गेन्या, नीट शिकून ये बाबा. माझी मान आता हंडा उतरवला तरी वाकडीच राहतीय.”

“शिकतो की,” गेनबा म्हणाला. आणि तो शिकला. कमी शिकला असता तर बरं झालं असतं.

वर्गात टिळेकर मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “लक्षात ठेवा, नकाशात उत्तर कायम वर असतं.”

गेनबानं वहीत लिहून घेतलं.

थोड्या वेळानं मॅडमनी विचारलं, “गेनबा, तुमचं गाव तालुक्याच्या कोणत्या बाजूला येतं?”

गेनबा उठला आणि बाकावर चढला. “पूर्वेला.”

“खाली उतरून बोला.”

“उत्तर वर असतं, मॅडम.”

मॅडमनी त्याच्याकडं पाहिलं. मग पंख्याकडं पाहिलं. पंखा त्याच्या डोक्यापासून वीतभर होता. “अहो, उत्तर दिशा म्हणाले मी.”

“मग तसं सांगायचं की. आता वहीत लिहून झालं.”

दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, “गावात फिरून यादी करून आणा. जे जागचं हलत नाही ते नकाशात घ्यायचं. हलतं ते सोडायचं. म्हशी, कोंबड्या नकोत.”

गेनबा गावभर फिरला. यादी घेऊन आला. यादीत देऊळ होतं, शाळा होती. पारावरचे बाबूतात्या होते.

“हे कोण?”

“बारा वर्षं तिथंच बसल्यात.”

“आणि हे काय? फाईल?”

“ग्रामसेवक भाऊसाहेबांच्या टेबलावर असती. टेकवस्तीच्या पाण्याची. सात वर्षं हलली नाही.”

“मग हापसा का नाही घेतला?”

“दांडा हलतो.”

“पिंपळ?”

“पानं.”

मॅडमनी बाबूतात्यांना काढलं. हापसा घातला, पिंपळ घातला. फाईलीवर त्यांचा हात थोडा थांबला. मग त्यांनी फाईल तशीच राहू दिली. त्यांनीही सरकारी नोकरीत अठरा वर्षं काढली होती.

तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू झाला. मॅडम म्हणाल्या, “नकाशा थराथरानं होतो. घरांचा एक थर, रस्त्यांचा एक, शेतांचा एक. एकावर एक ठेवायचे.”

गेनबानं शेतांचा थर सगळ्यात वर ठेवला. पडदा हिरवागार झाला.

“गाव कुठं गेलं?”

“खाली हाय मॅडम. पेरलं.”

मॅडमनी डोळे मिटून घेतले आणि उघडले. “जे महत्त्वाचं ते वर ठेवायचं, गेनबा. बाकीचं सगळं त्याच्या खाली.”

हेही वहीत गेलं.

संध्याकाळी गेनबा घरी आला, तेवढ्यात आत्या आडावरून आली. मोठा हंडा, त्यावर बारकी कळशी. ती म्हणाली, “उतरवून घे रे, आणि ठेव दोन्ही नीट एकावर एक. जागा नाही घरात.”

“आत्या, यातलं महत्त्वाचं कोणतं?”

“हंडा की. उद्याचं सगळं त्याच्यावरच.”

गेनबानं कळशी खाली ठेवली. तिच्यावर हंडा ठेवला. हंडा एक क्षण उभा राहिला, तेवढ्यात गेनबाला अभिमानही वाटून गेला. मग हंडा कलंडला. पाणी दारातून निघालं, उतारानं ओघळत गेलं आणि थेट सरपंचांच्या मळ्यात शिरलं. कुसळवाडीतलं पाणी असंच. त्याला वाट पाठ होती.

आत्यानं शिवी दिली नाही. रिकामा हंडा उचलला आणि पुन्हा आडाची वाट धरली. शिवी दिली असती तर गेनबाला जेवण गेलं असतं.

शेवटच्या दिवशी मॅडमनी रंग शिकवले. “फिका रंग म्हणजे घरोघरी नळ. गडद म्हणजे एकही नळ नाही. कोपऱ्यात सूची लावा, म्हणजे बघणाऱ्याला कळेल. आणि हे नीट ऐका. नकाशा आणि जमीन जुळली पाहिजे. जुळत नसेल तर चूक कुठं आहे ते शोधायचं आणि तिथं दुरुस्ती करायची.”

गेनबानं हे दोनदा लिहिलं. कळशीची चूक पुन्हा होऊ द्यायची नव्हती.

नकाशा झाला. टेकवस्ती गडद तांबडी, मळा फिका. फक्कड नकाशा. गेनबा तो ग्रामपंचायतीत घेऊन गेला. अंकुशरावांनी चष्मा लावला, नकाशा पाहिला, चष्मा काढला.

“हे उलटं झालंय.”

गेनबानं नकाशा फिरवून पाहिला. “नाही सरपंच. अक्षरं सुलटी हायेत.”

“रंग उलटे झालेत. टेकवस्ती फिकी कर. माझा मळा गडद कर. योजना मळ्यात आणायचीय.”

गेनबा खुर्चीवर चढला. “पण तुमच्याकडं तर सात नळ हायेत.”

“आधी खाली उतर. नळांचं तू बघू नकोस, रंगांचं बघ.”

ग्रामसेवक भाऊसाहेब खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

गेनबानं रंग बदलले. मोठा कागद छापून आला. अंकुशरावांनी खाली सही ठोकली, ‘प्रत्यक्ष जागेवर पडताळणी केली, नकाशाबरहुकूम आहे.’ मग ते म्हणाले, “आता या नकाशाला कुणी हात लावायचा नाही. उद्या साहेब येतील. त्यांना सगळं या नकाशाप्रमाणं दिसलं पाहिजे. कळलं?”

“नकाशाप्रमाणं दिसलं पाहिजे,” गेनबा म्हणाला.

साहेब जागेवर कधी जात नाहीत, भिंतीवरचा नकाशा बघतात, पोहे खातात आणि जातात, हे अंकुशरावांना पंचवीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंच आणि भाऊसाहेब साहेबांना आणायला फाट्यावर गेले. बंगल्यातली मंडळी लग्नाला गेली होती. गेनबा नकाशाची प्रत घेऊन मळ्यात उभा राहिला. नकाशात बघितलं, एकही नळ नाही. समोर बघितलं, सात नळ. टेकडीकडं बघितलं. नकाशात घरोघरी नळ, वर एकही नाही.

जुळत नव्हतं.

चूक कुठंतरी होती. नकाशाला तर हात लावायचा नव्हता. म्हणजे चूक जमिनीत होती.

गेनबानं पाना आणला.

तिसरा नळ काढत होता तेव्हा पारूआत्या रिकामा हंडा घेऊन कुंपणापाशी थबकली. “काय करतोयस रे?”

“दुरुस्ती.”

“कुणी सांगितलं?”

“मॅडमनी सांगितलं. सरपंचांनी पण सांगितलं. सगळं नकाशाप्रमाणं दिसलं पाहिजे. हे नळ वर टेकवस्तीत पाहिजेत.”

आत्यानं नकाशा बघितला. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण खाली सरपंचांची सही ओळखू आली. तिनं हंडा खाली ठेवला. “थांब,” म्हणाली, “एकट्यानं पाइप उचलायचे नाहीत तुला.” आणि वस्तीकडं तोंड करून तिनं हाक मारली. हाकेला सात घरांतली सगळी माणसं आली.

मळ्यात पाइपांची चळत होती. कुणी पाइप जोडले, कुणी वर ओढले, कुणी कुंपणाची तार बाजूला केली. पाटी मध्येच येत होती, ती आत्यानं वर नेली आणि नळाखाली हंडा घसरू नये म्हणून दगडासारखी लावली. अकराच्या सुमारास मोटर सुरू झाली.

साहेब आले. तरणे होते, पहिलीच नेमणूक. ग्रामपंचायतीत भिंतीवरचा नकाशा त्यांनी पाहिला. पोहे आले. साहेब म्हणाले, “आधी जागा बघू, मग खाऊ.”

अंकुशरावांच्या हातातली बशी तशीच राहिली.

मळ्यात आल्यावर ते कसेबसे म्हणाले, “साहेब, हातपाय धुऊन घ्या,” आणि सवयीनं नळाकडं हात केला. हात भिंतीतल्या भोकात गेला.

साहेबांनी बंगल्याला फेरी मारली. “एकही नळ नाही. बरोबर.” मग टेकडी चढले. सात दारांत सात नळ, आणि आत्या पहिल्याच नळाखाली हंडा भरत होती. साहेबांनी पाइप कुठून आलाय ते पाहिलं. पाइप खाली विहिरीत जात होता.

“सरपंच, तुम्ही स्वतःच्या विहिरीचं पाणी वस्तीला दिलंत आणि घरी एक नळ ठेवला नाहीत?”

“साहेब, हे नळ माझे…” अंकुशरावांच्या तोंडून निघालं.

“तुमचे? म्हणजे मळ्यात नळ होते? मग पडताळणीची ही सही?”

अंकुशरावांनी सहीकडं पाहिलं. सही मोठी होती, लफ्फेदार होती, आणि त्यांचीच होती.

“माझे म्हणजे,” ते म्हणाले, “गावचे.”

“तसं लिहून घ्या,” साहेब भाऊसाहेबांना म्हणाले. “टेकवस्तीचे नळ, गावच्या मालकीचे. आणि नकाशाप्रमाणे मळ्याच्या योजनेसाठी आजच फाईल उघडा. इतका तंतोतंत नकाशा मी अजून पाहिला नाही.”

साहेब पोहे खाऊन गेले. संध्याकाळी अंकुशराव ग्रामपंचायतीत आले. घसा कोरडा पडला होता. गेनबा कॉम्प्युटरपुढं बसला होता.

“गेन्या, माझ्या पाण्याचं काय?”

गेनबा खुर्चीवर चढला.

“तुमची फाईल झाली की. भाऊसाहेबांनी टेबलावर ठेवली. मी ती नकाशात पण घेतली.”

“मग सुटणार कधी ती?”

गेनबानं वही उघडली, पहिल्या पानापासून नीट वाचली आणि म्हणाला, “ते वहीत नाही, सरपंच. पण काळजी नको. महत्त्वाची म्हणून टेकवस्तीच्या फाईलीच्या वर ठेवलीय. वरचा थर तुमचाच.”