सातवा ठोका

एका फिरत्या सर्कशीत तातोबा नावाचा एक सुतार होता. तंबूचे खांब, झुल्यांच्या फळ्या, प्राण्यांचे पिंजरे, सगळे त्याच्या हातचे. मुक्काम हलला की बँडची वाद्ये बांधून ट्रकवर चढवायचे कामही त्याच्याकडेच असे. हात कुशल होता, पण मन भित्रे. मालकाची नुसती चाहूल लागली तरी त्याच्या तोंडाला कोरड पडे.

बँडमध्ये मिंगेल मास्तर ड्रम वाजवत. वय सत्तरीला टेकलेले. त्यांचा ड्रमसेट वडिलांच्या वेळचा होता. त्यातल्या तीन पायांच्या मोठ्या ड्रमला ते जिवापाड जपत. त्याचे खोड, म्हणजे लाकडी अंग, एकाच पातळ फळीला वाफ देऊन वाकवलेले होते. फळी उलगडू नये म्हणून आतून दोन्ही टोकांना लाकडी कडी बसवलेली. काठ गोलसर घासलेले आणि वर वासराचे कातडे. काठी पडली की 'धप्प' असा खोल आवाज येई आणि लगेच विरून जाई.

त्या लगेच विरणाऱ्या आवाजावर एका बाईचा जीव अवलंबून होता. तिचे नाव द्वारका. खेळाच्या शेवटी ती डोळ्यांवर पट्टी बांधून उंच झुल्यावर उभी राही. खालचे जाळे काढून घेतले जाई. समोरच्या झुल्याला तिचा नवरा रंगनाथ उलटा लटकलेला असे. मिंगेल मास्तर मोठ्या ड्रमवर सात ठोके देत. सातव्या ठोक्याला द्वारका झुला सोडी आणि रंगनाथ हवेतच तिची मनगटे पकडी. नऊ वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

एकदा मुक्काम हलवताना फार घाई झाली. दुसऱ्याच दिवशीचा खेळ जाहीर झालेला होता. तातोबाने तंबूच्या लोखंडी मेखांची पेटी मोठ्या ड्रमवरच ठेवली. ती तिथे ठेवू नये हे त्याला ठाऊक होते. चार कोसांचा तर रस्ता, एवढ्यात काय होते, असे त्याने मनाला समजावले. नव्या गावी पोचून त्याने ताडपत्री काढली, तर खोड वरपासून खालपर्यंत चिरले होते आणि कातडे फाटले होते.

तातोबाने ताडपत्री पुन्हा ओढून घेतली. महिन्यापूर्वीच एका घोड्याचा पाय लचकला म्हणून मालकाने मोतद्दाराला बायकामुलांसह हाकलून दिले होते. ते कुटुंब गाठोडी घेऊन रस्त्याच्या कडेला उभे असलेले त्याला आठवले. आपल्याही दोन मुली आहेत. आपले काय होईल?

त्याने कुणाला काही सांगितले नाही. गावातल्या वाद्यांच्या दुकानातून तेवढ्याच मापाचा नवा ड्रम आणला. त्याची घडण निराळी होती. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून, यंत्राखाली दाबून केलेले जाड खोड. धारदार कापलेले काठ. वर प्लॅस्टिकचा पडदा. वाद्य चांगले होते, पण ते दुसरे वाद्य होते. तातोबाने जुन्या ड्रमचे शिंपल्यासारखे चमकणारे आवरण सोलून नव्यावर चिकटवले. पडदा आवळणारी बाहेरची जुनी कडी, जुने पाय बसवले. पडदा पिवळट दिसावा म्हणून त्याला चहाचे पाणी चोळले. फुटलेले तुकडे त्याने चुलीत घातले. आता ओळखायला काही खूण उरली नाही, असे त्याला वाटले.

नव्या गावच्या पहिल्या खेळात पहिल्याच ठोक्याला मिंगेल मास्तरांनी मान वर केली. आवाज 'ठण्ण' असा उठला आणि घुमतच राहिला. पहिला ठोका विरण्याआधीच दुसरा त्यावर चढत होता. मास्तरांनी पडद्याचा ताण बदलायच्या चाव्या सैल केल्या, मग आवळल्या. फरक पडला नाही. खेळ संपल्यावर त्यांनी तातोबाला विचारले, तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "इथली हवा कोरडी आहे, मास्तर. कातडं ताणलं असेल."

मालकाला मात्र नवा आवाज आवडला. मागच्या बाकांपर्यंत खणखणीत पोचतोय, असे त्याने दोनदा सांगितले. बँडमधले बाकीचेही तेच म्हणाले. तेव्हा मास्तरांनी विचारायचे सोडले. साऱ्यांना चांगले ऐकू येते आहे, म्हणजे बिघाड आपल्याच कानांत आहे, अशी त्यांची समजूत झाली.

त्या दिवसापासून त्यांना भीती वाटू लागली. वाजवायला बसण्याआधी ते कानाशी चुटक्या वाजवून बघत. 

तिकडे द्वारकाचेही काहीतरी बिनसले. दुसऱ्या खेळात रंगनाथच्या हाती तिची मनगटे आलीच नाहीत, फक्त तळहात आले. तिसऱ्या खेळात बोटे. तिला त्याने कसेबसे ओढून घेतले. खाली उतरल्यावर ती तंबूच्या खांबाला टेकून उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते. पट्टीच्या आड घुमणाऱ्या आवाजात तिला सातवा ठोका नेमका कुठे सुरू होतो तेच कळत नव्हते, आणि ती पापणी लवण्याइतका उशीर करत होती. पण तिला ते समजले नाही. आपल्याला उंचीची भीती वाटू लागली, अशी तिची खात्री झाली.

तातोबा हे सगळे बघत होता. त्याला अन्न जाईना. मास्तरांच्या चुटक्या ऐकू आल्या की तो तिथून उठून जाई. रोज सकाळी तो ठरवी, आज सांगायचे. रोज त्याला रस्त्याकडेची ती गाठोडी दिसत. मग तो म्हणे, होईल सवय हळूहळू.

चौथ्या खेळाच्या आधी मिंगेल मास्तर त्याच्याकडे आले. एवढा शेवटचा खेळ वाजवून आपण घरी जाणार, असे त्यांनी सांगितले. ड्रमसेट मालकाकडेच ठेवून जाणार होते. ते म्हणाले, "कान गेले माझे, तातोबा. माझ्या हातून ती पोर मरायला नको."

 मास्तर वळून गेले.

खेळ सुरू झाला. तंबू माणसांनी भरला होता. शेवटी द्वारका दोरीची शिडी चढू लागली. एकेका पायरीवर ती थांबत होती. वर पोचून तिने पट्टी बांधली. जाळे काढले गेले. रंगनाथने हात पसरले. तातोबा प्रवेशद्वाराच्या पडद्याजवळ उभा होता, आणि त्या पसरलेल्या हातांमधली रिकामी जागा त्याला दिसत होती.

पहिला ठोका पडला आणि घुमला. दुसरा त्यावर चढला. तातोबाला ओरडावेसे वाटले. पण ओरडल्याने द्वारका दचकली तर तिथल्या तिथे खाली येईल. तो धावला. तिसरा, चौथा. बँडच्या चौथऱ्यावर चढताना त्याचा गुडघा फुटला. पाचवा. त्याने दोन्ही तळहात ड्रमच्या पडद्यावर दाबून ठेवले. सहाव्या ठोक्याची काठी त्याच्या बोटांवर बसली.

आवाज थांबला.  वर द्वारका पुढच्या ठोक्याची वाट बघत झुल्याला धरून राहिली. ठोका आला नाही, म्हणून तिने झुला सोडला नाही.

"तिला खाली घ्या," तातोबा म्हणाला. "हा मास्तरांचा ड्रम नाही. तो माझ्या हातून फुटला."

जाळे पुन्हा ताणले गेले. द्वारका खाली आली. मालक धावत आला. सगळ्यांसमोर तातोबाने मेखांच्या पेटीपासून चहाच्या पाण्यापर्यंत सारे सांगितले. मिंगेल मास्तर काठ्या हातात धरून ऐकत होते. त्यांनी एवढेच विचारले, "म्हणजे माझे कान शाबूत आहेत?"

"शाबूत आहेत, मास्तर."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले. डोळे पुसून ते म्हणाले, "ड्रम फुटला, त्याचं एक वेळ ठीक आहे. लाकूडच ते. पण इतके दिवस तू मला बहिरा करून ठेवलंस."

मालकाने तातोबाला त्याच क्षणी निघून जायला फर्मावले. तेव्हा द्वारका मध्ये पडली. आज आपण जिवंत आहोत ते याच्या बोटांमुळे, असे ती म्हणाली. जीव धोक्यात घातला तोही यानेच, असे मालकाने सुनावले. दोन्ही खरे होते. शेवटी तातोबाची नोकरी राहिली, पण वाद्यांना हात लावायचे काम गेले. मिंगेल मास्तर पुढे कित्येक दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तेही त्याने मुकाट्याने सोसले.

जुने खोड तर राख झाले होते. मग मास्तरांनी नव्या ड्रमच्या पडद्यावर बनातीची, म्हणजे जाड लोकरी कापडाची, पट्टी चिकटवली. आवाज थोडा आखूड झाला, पण जुन्यासारखा झाला नाही. द्वारका महिनाभर जाळे ताणून, डोळे उघडे ठेवून त्या आवाजावर सराव करत राहिली. मग एका दुपारी तिने डोळ्यांवर पट्टी बांधली. मास्तरांनी पुन्हा एकदा विचारले, आवाज अजून निराळाच लागतो ना?

"निराळाच आहे," ती म्हणाली. "पण आता तो निराळा आहे हे मला माहीत आहे."

तिने झुल्यावर पाय रोवले. सातव्या ठोक्याला रंगनाथच्या मुठीत तिची मनगटे नेमकी आली.

तात्पर्य: चूक कबूल केली तर ती एकट्याला भोवते. लपवली तर निर्दोष माणसांना स्वतःचीच शंका येऊ लागते, आणि त्यात एखाद्याचा जीवही जाऊ शकतो.