दाजीसाहेबांची शाल

नाशिकच्या बेघर निवाऱ्यातले म्हातारे थंडीने कुडकुडत होते. दाजीसाहेब निंबकरांनी जुनी ब्लँकेटं पाठवली, आणि सोबत स्वतःच्या सत्काराची तारीखही. ब्लँकेटं अशी विरलेली, की पांघरूनही चांदणं दिसावं. आमच्यातल्या कुमुदताईंनी तसं फोनवर कळवलं, तर उत्तर आलं, "बेघरांना काय, रात्र निघाल्याशी कारण!"

"सत्काराची शाल मी आणते," ताई म्हणाल्या. कुठली आणणार, याचं आम्हा स्वयंसेवकांना भारी कुतूहल.

भर सभेत ताईंनी तबकावरचा रुमाल उचलला आणि दानातलंच एक ब्लँकेट दाजीसाहेबांच्या खांद्यांवर घातलं.

"अहो बाई, ही कसली शाल?"

"तुमचीच, दाजीसाहेब. हिच्यात म्हाताऱ्यांची अख्खी रात्र निघते, मग तुमचं एक भाषण निघायला काय हरकत?"

भाषण लवकर आटपलं. दुसऱ्या दिवशी नव्या ब्लँकेटांचा टेम्पो आला. सत्काराची तारीख मात्र सोबत नव्हती.