चिंचेच्या जागी

"…मग लोक हलले का नाहीत, आबा?"

विचारणारा शार्दूल. शहरात पथनाट्य शिकून आलेला, झाडं वाचवायला निघालेला. पोरगा मनाचा सच्चा, पण घाई उतावळ्या नवऱ्याची. राज्याच्या पथनाट्य महोत्सवात आपली निवड व्हावी म्हणून दोन वर्षं झुरत होता.

ज्यांना विचारलं ते रखमाजीआबा, म्हातारे बहुरूपी. गावोगाव सोंगं घेण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"तू काय केलंस रं?"

"झाड झालो. कुऱ्हाड पडली तसा किंचाळलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइलवर घेतलं… आणि भजी खायला गेले."

"झाड किंचाळतंय?"

शार्दूल मान खाजवू लागला.

"मंगळवारी बाजार हाय. चिंच होती तिथं उभा ऱ्हा. बोलायचं न्हाई, हलायचं न्हाई. मी येईन तवर."

रस्ता रुंद करताना बाजारतळावरची ती चिंच तोडली होती. मंगळवारी सकाळी शार्दूल तिथं उभा राहिला. अंगाला गोणपाट, तोंडाला माती. खांद्यांवर आडवी काठी, तिला हात बांधलेले आणि छाटणीत पडलेले निंबाचे डहाळे लटकवलेले.

तासभर कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग मेथीची पाटी घेऊन कोंडाबाई आली. चिंच होती तोवर ती चिंचेखालीच बसायची. तिनं त्याला खालीवर न्याहाळलं आणि पाटी त्याच्या सावलीत ठेवली.

शेजारीण हसली. "अगं, ते नाटकातलं झाड हाय!"

"असंना का. सावली पडतीया न्हवं?"

सावली सरकली की ती पाटी सरकवायची, स्वतःही सरकायची. गिऱ्हाईक यायचं, भाव करायचं, जायचं. शार्दूलचे खांदे भरून आले. कुणी टाळी वाजवली नाही.

ऊन कलल्यावर एका गाडीतून साहेब उतरले. महोत्सवाची निवड त्यांच्याच हाती होती.

"वा, फारच छान! या, इकडे या. दोन मिनिटं बोलू, एक फोटो घेऊ. मला लगेच पुढं निघायचंय."

शार्दूलचं पाऊल उचललं…

त्यानं खाली पाहिलं. कोंडाबाईचा डोळा लागला होता. पहाटेपासून उठलेली बाई, पाटीवर मान टाकून झोपली होती. त्याची सावली तिच्या तोंडावर होती.

पाऊल जागच्या जागी टेकलं.

साहेबांनी दोनदा हाक मारली. घड्याळ पाहिलं. गाडी निघून गेली.

शार्दूलला रडू आलं. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

थोड्या वेळानं आबा काठी टेकत आले.

"बोल आता."

"साहेब आले होते, आबा…" तो कुजबुजला. कोंडाबाई अजून झोपलेलीच होती. "गेले. पुन्हा नाही यायचे."

"मग तू गेला का न्हाईस?"

"हिच्या तोंडावर ऊन आलं असतं…"

आबांनी काठी खाली ठेवली, गुडघे धरत धरत वाकले आणि कोंडाबाईच्या पलीकडे उरलेल्या सावलीत अंग चोरून टेकले.

"हलू नगंस, लेका. मीबी जरा बसतो."