पिशवीतलं चाक

घाटातल्या वाडीची एकुलती एक जीप बंद पडली होती आणि तिचा पिस्टन कंपनीने बनवणं कधीच सोडलं होतं. दुकानदार नानासाहेब भिंगारे खोकं थोपटत म्हणाले, "अस्सल माल! जिल्ह्यात शेवटचा. सील मात्र घरी नेऊनच फोडायचं."

जीपवाल्या शेवंताबाईंच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. दुसऱ्याच कामासाठी आणलेलं एक झिजलेलं दातेरी चाक त्यांनी पिशवीतून काढलं. "याच इंजिनाचं आहे. असं मिळेल?"

नानासाहेबांनी चष्मासुद्धा लावला नाही. "मिळेल की! तेही अस्सल, तेही शेवटचं."

"हे आमच्या शेवयांच्या यंत्राचं चाक आहे," शेवंताबाई म्हणाल्या. "आता खोक्यातला पिस्टन कोणत्या गिरणीचा, तेवढं सांगा."