कर्णाचे माप

शिलावतीच्या राजाने कुंडाचे काम भिवरा पाथरवटणीला दिले, हे राजज्योतिषी त्र्यंबकशास्त्र्यांना मुळीच रुचले नाही. पायाचा दगड बसवण्यापूर्वी त्याचे माप त्याच्यावरच कोरायचे, अशी तिथली रीत होती. दगड एक हात लांब आणि एक हात रुंद, असा चौरस होता. शास्त्र्यांनी मात्र राजासमोर कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे, म्हणजे कर्णाचे माप मागितले.

"अंकांत लिही आणि अचूक लिही, भिवरे! नाहीतर तुझ्या पाथरवट वस्तीची वीसही बिऱ्हाडे आजच गाव सोडतील."

कितीही अपूर्णांक मांडले तरी ते माप संपत नाही, हे शास्त्र्यांना पक्के ठाऊक होते. भिवरेलाही ते ठाऊक होते. तिने वस्तीवर बैल जुंपून ठेवायला सांगितले. मग तिने छिन्नी उचलली आणि एकावर शून्य कोरले.

शास्त्री खो खो हसले. "अगं बाई, हे तर दहा झाले!"

"शास्त्रीबुवा, आपण दहा-दहाचे गठ्ठे बांधून मोजता, म्हणून आपले ते दहा. मी गठ्ठाच कर्णाएवढा धरला. एक गठ्ठा, बाकी शून्य."

"असं? मग तुझ्या या मोजणीत साधे दोन लिहून दाखव!"

तिने एकावर दोन शून्ये कोरली. "आपले शंभर म्हणजे दहा गुणिले दहा, तसे इथे गठ्ठ्याला गठ्ठ्याने गुणले. या कर्णाचा वर्ग दोनच येतो, हे आपणच शिकवता ना?"

राजा हसून म्हणाला, "बुवा, आता मुहूर्त तेवढा सांगा."

भिवरेने वस्तीवर निरोप धाडला: जुंपलेले बैल सोडा, चुली पेटवा.