लिंपलेली भेग

पूर्वी शैलपूर नगरात वसुदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका रज्जुकाच्या, म्हणजे दोरीने जमिनी मोजणाऱ्याच्या घरी जन्मला. बाप गेल्यावर दोरी, खुंट्या आणि राजाची चाकरी त्याच्याकडे आली.

नगर खडकावर वसले होते. बाहेर मातीचा एक मोठा डोंगर होता आणि त्याच्या पायथ्याशी कुंभारांची चाळीस घरे होती. डोंगर कसा झाला याची कथा सगळ्यांना तोंडपाठ होती. जगाच्या आरंभी एक नाग तिथे वेटोळे घालून झोपला, तोच हा डोंगर. त्याने टाकलेली कात म्हणजेच कुंभारांची माती. बोधिसत्त्वालाही ती कथा आवडे. लहानपणी आईने त्याला ती घास भरवताना सांगितली होती.

त्या कथेतून पुढे एक रीत निघाली होती. डोंगराला भेग पडली की लोक तिला नागाचे उघडे तोंड समजत. पुरोहित सुनेत्र तिच्यात दूध ओती, वरून चुना लिंपून ती बुजवी, आणि लोक हात जोडून घरी जात. भेग किती खोल आहे, कालच्यापेक्षा रुंद झाली का, हे कोणालाच कधी दिसत नसे.

एका वर्षी पावसाळा सरत आला असताना बोधिसत्त्वाने एका लिंपलेल्या भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकल्या आणि मध्ये सैल दोरी बांधली. चौथ्या दिवशी दोरी ताणलेली होती. सहाव्या दिवशी ती तुटली. तो चिखलाच्या पायांनी तसाच राजसभेत गेला.

"महाराज, डोंगर सुटतो आहे. कुंभारवाडा आजच हलवा."

सुनेत्र मूर्ख नव्हता. तो हसून म्हणाला, "रज्जुका, यात नवे काय सांगितलेस? नाग जांभई देतो हे आमच्या कथेत आहेच. तुझी दोरी आणि आमची कथा एकच सांगतात. महाराज, उद्या मोठा दुग्धाभिषेक करू. आणि या हुशार माणसाला मंत्री करा. त्याने भर सभेत एवढेच म्हणावे, की दोरीने कथा खरी ठरवली."

राजाला हे फार आवडले. कथाही राहिली, विद्याही राहिली, आणि कोणाला हलवण्याची दगदगही नाही.

बोधिसत्त्वाची कानशिले तापली. "एकच सांगतात? मग पुरोहितजी, अभिषेक होईपर्यंत तुम्हीच पायथ्याशी राहायला या. बिऱ्हाड मी उचलून आणतो."

सभेत कोणीतरी खुदकन हसले. सुनेत्राचा चेहरा उतरला. "महाराज, याने नागाच्या अंगात खुंट्या ठोकल्या आहेत!"

"ठोकल्या," बोधिसत्त्व म्हणाला. "कथा म्हणत असेल उठा, तर उठायचे. कथा म्हणत असेल बसा, तरी उठायचेच. तिथे माणसे राहतात, महाराज. कथा आणि दोरी जुळतात की नाही, हे भांडण त्यांना वर आणल्यावर करू. त्यात मी हरायलाही तयार आहे."

राजाने त्याची दोरी काढून घेतली आणि चाकरीही.

बोधिसत्त्व कुंभारवाड्यात गेला. तिथे गोमती नावाची म्हातारी कुंभारीण होती. तिचा शब्द कोणी खाली पडू देत नसे.

"नागानं माती दिली, त्याला सोडून पळू?" ती म्हणाली. "पुरोहितांचा निरोप आलाय, हा कृतघ्नपणा होईल. आणि पाऊस उघडला म्हणून आजच मडकी भाजायला आवा पेटवलाय."

"मावशी, पेटलेला आवा तडकला तर काय करता?"

"काय करणार? लांब सरते."

"अग्निदेव कोपला म्हणून, की भिंत फुटली म्हणून?"

"ते मागनं बघू की! आधी सरायचं. विचार करत भाजून मरू का?" बोलता बोलता तिने डोंगराकडे पाहिले. मग पदर खोचून म्हणाली, "चल, दाखव."

वर जाऊन तिने खापराने चुना खरवडला. भेगेत हात घातला. खांद्यापर्यंत हात गेला, तरी तळ लागला नाही. उठून तिने हातातले खापर खाली आपटले.

"तडा गेलेलं मडकं लिंपून विकलं तर गिऱ्हाईक आमच्या तोंडावर फेकतं. आणि हे शहाणे डोंगर लिंपतात! खाली आमची लेकरं निजवून!"

संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस घरे रिकामी होऊन नगराच्या वेशीपाशी खडकावर आली. एक घर राहिले. त्या घरच्या तिष्याला सुनेत्राने अभिषेकाचा घट धरण्याचा मान दिला होता. इतका मान त्याच्या सात पिढ्यांत कोणाला मिळाला नव्हता. बोधिसत्त्वाने त्याचे पाय धरले.

"अहो, असं काय करता!" तिष्य संकोचून म्हणाला. "उद्या अभिषेक झाला की येतोच."

दुसऱ्या दिवशी दूध वर पोचण्याआधीच डोंगर खाली आला. तिष्य, त्याची बायको आणि तीन मुले गाडली गेली.

सुनेत्र वेशीवर उभा राहून मोठ्याने म्हणाला, "पाहा लोकहो, नाग कुशीवर वळला! कथा खरी ठरली."

बोधिसत्त्व कमरेएवढ्या चिखलात उभा राहून माती उपसत होता. त्याने वर पाहिले. "ठरली असेल. आता फावडे घ्या. धाकटी अजून सापडलेली नाही."

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा एका विहारात सांगितली. तिथे विपुल नावाचा विद्वान भिक्षू जगाच्या उत्पत्तीच्या जुन्या कथा वैद्यांच्या नव्या शोधांशी शब्दाला शब्द जुळवण्यात आठवडाभर रमला होता. विहारातल्या विहिरीच्या पाण्याने ताप येतो, असे वैद्य सांगत होते. पण विहीर देवांनी खणलेली म्हणून त्याने ती बंद होऊ दिली नव्हती.

शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा सुनेत्र म्हणजे हा विपुल. वसुदत्त राजा म्हणजे त्याची वाहवा करणारे तुम्ही सगळे. गोमती म्हणजे उपासिका सुजया, जी आज पहाटेपासून नदीचे पाणी वाहून आणते आहे. रज्जुक मीच होतो. आणि तिष्य या सभेत नाही. तो शेजारच्या खोलीत तापाने पडला आहे."

जे दिसले ते न झाकणे, आणि ते ज्याच्यावर कोसळणार आहे त्याला सर्वांआधी सांगणे, हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता.