वेलांटी परी आणि ओट्यावरची मुलं

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथलं धुकं इतकं आळशी, की सूर्य आला तरी अंथरुणातून उठायचं नाही. त्या गावात शेवंता नावाची इवलीशी मुलगी राहायची. तिची आई गजरे विकायची. दोघींपाशी एक टोपली होती आणि चार हात होते, बाकी काही नव्हतं.

धुकं झोपलेलं असतानाच मायलेकी टेकडीमागच्या मोगऱ्याच्या बागेत जायच्या. दवाने ओल्या झालेल्या पांढऱ्याशुभ्र, टपोऱ्या कळ्या वेचायच्या, केळीच्या मऊ दोऱ्यात गुंफायच्या. मग आई टोपली घेऊन बाजाराला निघायची आणि शेवंता शाळेकडे पळत सुटायची. कितीही पळाली तरी उशीर व्हायचाच.

उशिरा येणाऱ्याने बाहेर ओट्यावर बसायचं, असा गुरुजींचा नियम होता. ओट्यावरून फळा दिसत नसे. दिसे ती गुरुजींची पाठ आणि उडणारी खडूची धूळ. शेवंताच्या एका बाजूला ठमी बसे, मांडीवर तान्ह्या भावाला घेऊन. दुसऱ्या बाजूला भिवा बसे, शेळ्या रानात पोचवून धापा टाकत आलेला.

गुरुजी मनाने वाईट नव्हते. पण मोठ्या माणसांना एक खोड असते. आपल्याला जे येतं ते सगळ्या जगाला येतंच, असं त्यांना वाटतं. फळा दिसत नाही तिथे मुलं बसवायची आणि मग फळ्यावरचंच विचारायचं, हाही त्यांचाच न्याय.

एका सोमवारी गुरुजी दारात येऊन उभे राहिले. "ओट्यावरची मंडळी, स्वर म्हणजे काय?"

तिघं एकमेकांकडे बघू लागली.

"नाम? क्रियापद? स्वल्पविराम?"

ठमीचा भाऊ मोठ्याने रडू लागला.

"त्याला येतंय बहुतेक," भिवा हळूच म्हणाला.

गुरुजींनी चष्मा पुसला. "शनिवारी पुन्हा विचारीन. ज्याला येणार नाही, त्याने परत दुसरीत बसायचं."

घरी जाताना ठमी भावाला कडेवर घेऊन चालत होती. ओढ्यापाशी आल्यावर म्हणाली, "मला दुसरीत बसवलं ना, तर बाबा शाळाच सोडवतील. म्हणतील, त्यापेक्षा घरी बाळ सांभाळ."

शेवंताने ठमीचा भाऊ आपल्या कडेवर घेतला आणि ठमीच्या घरापर्यंत नेऊन पोचवला. दुसरं काय करावं ते तिला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत आई पलीकडच्या वाफ्यात होती. शेवंता अलीकडे कळ्या वेचत होती. इतक्यात बोरीच्या झुडपात काहीतरी चमकलं. निळं, मग गुलाबी, मग चंदेरी. तिने फांदी हळूच बाजूला केली.

काट्यात एक चिमुकली परी अडकली होती. कांद्याच्या सालीसारखे पातळ तिचे पंख, मोरपिशी झगा, आणि कपाळावरून मागे वळलेली केसांची एक गिरकी. एक पंख टरकला होता.

"हलू नकोस हं," शेवंता म्हणाली. "हललीस तर जास्त फाटेल."

तिने काटा सोडवला. केळीच्या दोऱ्याचा अगदी बारीक पदर काढला, आणि गजऱ्याला घालतात तसे नाजूक फास घालत पंख सांधला. कळ्या अर्ध्याच वेचून झाल्या होत्या. ऊन वर आलं होतं. शाळेला आज फारच उशीर होणार होता. तरी तिने शेवटची गाठ घाईत मारली नाही.

परीने पंख हलवून पाहिला. रंगांचा एक झोत अंगभर सळसळला. "माझं नाव वेलांटी," ती म्हणाली. "तुला एक इच्छा देते. पण ती तुझ्या एकटीसाठी असेल. आणि मागून मिळालेलं कुणाला देता येणार नाही. द्यायला गेलीस तर गारेसारखं विरघळून जाईल."

शेवंताचे डोळे लकाकले. "गुरुजी विचारतात ते सगळं मला एका क्षणात येईल?"

"येईल."

"आणि ते मी ठमीला सांगितलं तर? भिवाला?"

"विरघळेल."

शेवंता कळ्यांच्या टोपलीकडे बघत राहिली. एकटीने वर्गात जाऊन बसायचं, फळा बघायचा, आणि ठमी घरी. तो फळा तिला मुळीच बघवेना.

"मग इच्छा राहू दे," ती म्हणाली. "मला शिकव. शिकलेलं तर देता येतं ना?"

"देता येतं. पण वेळ लागतो, राणी. शनिवारपर्यंत सगळं होणार नाही. कदाचित तूसुद्धा नापास होशील."

"होईन मग," शेवंता म्हणाली. आणि टोपली बाजूला ठेवून खाली बसली.

वेलांटीने टिचकी वाजवली. गवतावर पिटुकली अक्षरं उतरली, दिव्यांसारखी उजळलेली. काही ताठ उभी होती. अ, आ, इ, ई. आणि काही लंगडत होती. क्, म्, ळ्. त्यांचे पाय मोडके होते.

"हे स्वर," वेलांटी ताठ अक्षरांकडे बोट दाखवत म्हणाली. "कुणाच्या मदतीवाचून यांचा आवाज निघतो. आणि ही व्यंजनं. यांना खांदा लागतो."

बिचारा क् शेवंताच्या पायाशी येऊन धडपडला. तिने त्याला उचललं आणि अ-च्या शेजारी नेऊन ठेवलं. अ-ने खांदा दिला, आणि बघता बघता तिथे तेजस्वी, धडधाकट 'क' उभा राहिला. मग तिने म्-ला आ-कडे नेलं. 'मा' झाला. शेवंताला मोठी गंमत वाटली. एकेकाला धरून ती पोचवू लागली.

मग आ आणि ई एकमेकांजवळ येऊन उभे राहिले. शेवंताने वाचलं, "आई."

"बघ," वेलांटी म्हणाली, "यात कुणाचाच पाय मोडका नाही."

शेवंताने पलीकडच्या वाफ्यात वाकलेल्या आईकडे पाहिलं. मग पुन्हा अक्षरांकडे वळली.

रोज सकाळी वेलांटी थोडं थोडं शिकवे. आणि रोज शाळा सुटल्यावर शेवंता ते ओढ्याकाठी ठमीला आणि भिवाला देई. तिच्यापाशी फळा नव्हता, पण आईने दिलेल्या उरल्यासुरल्या कळ्या होत्या.

"ही कळी, ही अबोली, हा दोरा. ही सगळी नावं. म्हणून नाम."

"माझी शेळीपण नाम?" भिवाने विचारलं.

"तुझी शेळी, भिवा, ठमीचा भाऊ. सगळी नामं."

"आणि टपोरी?"

"कळी कशी आहे ते सांगते ना? म्हणून विशेषण. आणि आपण वेचतो, ओवतो, बांधतो, ती क्रियापदं. कामं."

"म्हणजे आमच्या घरी माझ्या वाट्याला नुसती क्रियापदंच," ठमी म्हणाली, आणि तिघं पोट धरून हसली.

शेवंताने एक गजरा गुंफला. दोन कळ्यांच्या मध्ये मरव्याचं हिरवं पान घातलं. "हे पान म्हणजे स्वल्पविराम. इथे जरासं थांबायचं, पुढे अजून फुलं आहेत. आणि शेवटची गाठ म्हणजे पूर्णविराम. संपलं."

"आणि प्रश्नचिन्ह?"

शेवंता अडली. ते तिला अजून पक्कं जमत नव्हतं. भिवाने खांद्यावरची आकडी खाली घेतली. शेळ्यांसाठी उंच फांदी ओढायची ती वाकडी काठी. तो तिच्याकडे टक लावून बघत राहिला. "हे असंच दिसतं की. उत्तर वर लटकलेलं असतं. हे अडकवायचं आणि खाली ओढायचं."

"हे तर वेलांटीनेपण सांगितलं नव्हतं," शेवंता म्हणाली.

"वेलांटी कोण?"

"आहे एक," शेवंता म्हणाली, आणि गाली हसली.

शनिवार आला. गुरुजी ओट्यावर आले. "शेवंता, विशेषणाची व्याख्या सांग."

वेलांटीने व्याख्या शिकवल्याच नव्हत्या. "व्याख्या येत नाही, गुरुजी," ती हळूच म्हणाली. "पण विशेषण ओळखता येतं."

"व्याख्या येत नाही म्हणजे विशेषण येत नाही."

"असं नसतं, गुरुजी," ठमी म्हणाली, आणि आपणच बोललो हे कळून घाबरली. पण मागे हटली नाही. "आमच्या बाळाला भूक म्हणजे काय ते सांगता येत नाही. पण लागते."

वर्गातली मुलं खुदखुदली. गुरुजींनी चष्मा पुसला आणि खडू उचलला. या वेळी त्यांनी फळा भिंतीवरून काढला, ओट्यावर आणून टेकवला आणि लिहिलं:

काळी शेळी पांढरी शेळी आणि तांबडी शेळी कुठे गेल्या

"चिन्हं घाला."

भिवा उठला. पहिल्या शेळीनंतर त्याने इवलासा स्वल्पविराम दिला. शेवटी आकडीसारखं वाकडं प्रश्नचिन्ह काढलं. ठमीने काळी, पांढरी, तांबडी ही विशेषणं दाखवली. शेवंताने शेळीवर बोट ठेवलं, नाम. 'गेल्या'वर ठेवलं, क्रियापद.

गुरुजी मुलांच्या शेजारी ओट्यावर टेकले आणि फळ्याकडे बघू लागले. ओट्यावरून त्यांनी तो कधी पाहिला नव्हता.

"आत या," ते म्हणाले. "तिघंही तिसरीतच. आणि सोमवारपासून, तुम्ही आल्यावर धडा सुरू करू."

संध्याकाळी शेवंताच्या अंगणात तांबूस, सोनेरी ऊन सांडलं होतं. त्या उन्हात वेलांटी तरंगत आली. सांधलेला पंख आता दुसऱ्यापेक्षाही जास्त चमकत होता.

"तुझी इच्छा तशीच शिल्लक आहे," ती म्हणाली. "नियम आठवतो ना? तुझ्या एकटीसाठी."

शेवंताने डोळे मिटून विचार केला. "मला ऊन अंगावर येईपर्यंत आईच्या कुशीत झोपायचंय."

"एवढंच?"

"एवढंच. पण त्याला आई शेजारी झोपलेली लागेल. त्याला मी काय करू?"

वेलांटी हसली, रुणझुण रुणझुण. "लबाड. पण नियम काही मोडला नाहीस."

तिने अंगणाभोवती एक गिरकी घेतली. जिथे जिथे तिची सावली पडली तिथे तिथे हिरवे कोंब फुटले, वाढले, आणि मोगऱ्याची झुडपंच झुडपं उंबऱ्यापर्यंत येऊन डोलू लागली. आता धुक्यातून टेकडी ओलांडायला नको होती. मग वेलांटी निळी झाली, गुलाबी झाली, चंदेरी झाली आणि एका शुभ्र झोतात विरून गेली. मागे राहिला तो फक्त वास.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला. तो खिडकीतून आत आला, भिंतीवरून सरकत सरकत वाकळेवर उतरला, आणि आईच्या गालावर येऊन थांबला. आई दचकून उठू लागली. शेवंताने डोळे न उघडताच तिच्या गळ्यात हात टाकला.

"निज गं," ती म्हणाली. "फुलं दारात आहेत."